नर झाडांचा पारखी

त्याला पारखी म्हणणारी माणसं जगात आठच होती. सात शेतकरी आणि एक मामा, आणि त्यातला मामा तर कधीच वारला होता. सोनं पारखणारा दुकानावर पाटी लावून बसतो, घोडे पारखणारा बाजारात मिशांना पीळ देत फिरतो. हा पारखायचा गांजाची झाडं, तीही दुसऱ्याच्या मक्याच्या शेतात, डोक्यावरून जाणाऱ्या ताटांमध्ये कंबरेत वाकून. पाटी लावणार तरी कुठे? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मामा म्हणायचा. मूठ झाकता झाकता हाताला दुसरं काही धरताच आलं नाही, हे त्याने सांगितलं नव्हतं.

काम ऐकायला सोपं आहे. या झाडात नर वेगळा आणि मादी वेगळी. किंमत असते ती मादीच्या फुलांना. नराची बोंडं उघडली की त्यातली पिवळी भुकटी वाऱ्यावर उडते आणि शेतातल्या झाडून सगळ्या माद्या बी धरतात. मग त्या फुलांना कुणी हिंग लावूनही विचारत नाही. म्हणून बोंडं उघडायच्या आत नर ओळखायचा आणि मुळासकट काढायचा. ओळखायची जागा म्हणजे पान जिथे खोडाला चिकटतं ते बेचकं. तिथे मोहरीएवढा गोल दाणा दिसला तर नर, पांढऱ्या केसासारखे दोन तंतू दिसले तर मादी. पण पहिल्या काही दिवसांत धड दाणाही नसतो आणि धड केसही नसतो. नुसतं हिरवं टोक असतं, आणि त्या टोकाकडे बघून निकाल द्यायचा असतो. तो निकाल बरोबर देतो म्हणून तर पारख्याला जेवायला घालतात.

मामाने त्याला हे शिकवलं तेव्हा एकच नियम घोकून घेतला होता. संशय आला की उपट. एक मादी चुकून गेली तर एक झाड गेलं, एक नर चुकून राहिला तर शेत गेलं. चाळीस वर्षं त्याने हा नियम पाळला. त्याच्या हातून एकही शेत बियांत गेलं नाही, आणि याची शाबासकी त्याला कुणीही चारचौघांत दिली नाही, कारण चारचौघांत सांगण्यासारखी ती गोष्टच नव्हती.

लग्नाचंही तेच झालं. दोनदा जुळत आलं होतं. दोन्ही वेळा मुलीच्या बापाने विचारलं, मुलगा उन्हाळा संपला की कुठे जातो? या प्रश्नाला खोटं उत्तर देण्याएवढी हुशारी आणि खरं उत्तर देण्याएवढी हिंमत, दोन्ही त्याच्यापाशी नव्हत्या. मामा चेष्टेने म्हणायचा की जन्मभर नर उपटत सुटलास, त्यांचे तळतळाट लागले तुला. तो हसायचा. पुढे मामा गेला आणि ही चेष्टा करणारंही कुणी राहिलं नाही.

वर्षातले उरलेले महिने तो शहरात, सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत राहायचा. खोलीला एक खिडकी होती आणि तिच्यातून समोरच्या गोदामाची भिंत दिसायची. एक खाट, एक स्टोव्ह, दोन कप. दुसरा कप कधी आणि का घेतला, ते आता त्यालाही आठवत नव्हतं. धान्याच्या वखारीत तो निवडायचं काम करायचा. दिवसभर चाळणीसमोर बसून खडे, माती, किडका दाणा बाजूला करायचा. संध्याकाळी जिना चढताना खालचा सायकलवाला विचारायचा, काय म्हणतोस? तो म्हणायचा, काही नाही. या दोन वाक्यांवर दोघांची एकोणीस वर्षं निभावली.

सायकलवाल्याशी त्याचं खरं बोलणं व्हायचं ते बहिणीवरून. दरवर्षी मक्याला तुरे आले की सायकलवाल्याच्या दुकानात फोन यायचा आणि एका बाईचा आवाज सांगायचा, त्यांना म्हणावं या. एवढंच. आता फोन आला म्हटल्यावर कुणाचा ते सांगणं भाग होतं, म्हणून पहिल्या वर्षी त्याने सांगून टाकलं, बहिणीचा. त्याला बहीण नव्हती. पण एकदा तोंडातून शब्द गेला की त्याला हातपाय फुटतात. हळूहळू बहिणीला कोंबड्या आल्या, दुखरा गुडघा आला, फटकळ तोंड आलं. सायकलवाला हौसेने विचारायचा आणि हा सांगायचा. एवढी माया आहे तर ती इकडे कधी येत कशी नाही, असं सायकलवाल्याने एकदा विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की तिला बस लागते. यात बहीण तेवढी खोटी होती. कोंबड्या, गुडघा आणि तोंड, सगळं खरं होतं, आणि ते बाईचं होतं.

बाई म्हणजे त्या सात शेतकऱ्यांपैकी शेवटची. बाकीचे सहा एकेक करून सुटले होते. बाहेरून असं बियाणं मिळू लागलं होतं की त्यातून उगवेल ते प्रत्येक झाड मादीच. नरच नाही तर पारखी कशाला? सुंठीवाचून खोकला गेला. त्याला कुणी येऊ नको म्हणून सांगितलं नाही, फक्त फोन यायचे थांबले. तोही कुणाकडे विचारायला गेला नाही. बाईचा फोन मात्र येत राहिला, कारण बाई जुन्या वळणाची आणि घरचंच बी पेरणारी. तिच्याकडे जायचं ते तीन आठवडे.

बाकीच्या शेतांवर त्याला पंपाच्या खोलीत झोपायला मिळायचं आणि डबा बांधावर ठेवलेला असायचा. डबा ठेवणारं माणूस त्याने पुष्कळदा पाहिलंही नाही. बाईकडेही नवरा होता तोवर असंच होतं. नवरा गेला त्या वर्षी पारखी संध्याकाळी बांधावर डबा शोधत होता, तर बाईने स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारली, तिकडे काय शोधताय, इथे वाढलंय. तो पाय धुऊन आत गेला. टेबलावर दोन ताटं होती. त्याला आठवत होतं तसं, कुणीतरी समोर बसून जेवतंय असं त्याचं ते मामा गेल्यानंतरचं पहिलं जेवण होतं. मामाला जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.

फार बोलणं व्हायचं असं नाही. बाई कोंबड्यांना शिव्या द्यायची, गुडघ्याला शिव्या द्यायची, मग दोघं बादलीभोवती बसून जुन्या कणसांचे दाणे सोडवायचे. तिची मुलगी दूरच्या गावी होती आणि जावई नेमका पोलिसात. म्हणजे मुलीला घरी बोलवायची सोयच उरली नव्हती. बाई वर्षातून दोनदा तिकडे जाऊन यायची आणि नातवंडांना सांगायची की आजीचं घर लहान आहे. घरात चार खोल्या होत्या. हे सगळं नवऱ्याने सुरू केलेलं, त्यावरच मुलगी शिकली, त्यावरच तिचं लग्न झालं. आता सोडते, पुढच्या वर्षी सोडते, असं बाई दरवर्षी म्हणायची आणि दरवर्षी पेरायची.

तर हे तीन आठवडे. बाकी एकोणपन्नास आठवडे तो त्यांच्याकडे डोळे लावून बसायचा. आणि डोळेच जात होते.

दोन वर्षांपूर्वी वखारीत सुरू झालं. ज्या दाण्याकडे बघावं तोच दिसेना. बाजूचे दिसत, चाळणीची कड दिसे, स्वतःचा अंगठा दिसे, पण नेमकी जिथे नजर लावली तिथे कुणीतरी ओल्या बोटाने पुसून काढल्यासारखा डाग. डॉक्टरने तपासून सांगितलं की डोळ्याच्या आतला पडदा झिजलाय, चष्म्याने किंवा ऑपरेशनने सुधारणारं हे नाही, आहे ते जपा. वखारवाल्याने त्याला निवडण्यावरून काढून झाडलोटीला लावलं. त्याचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही. भीती एकच होती. बाईला कळलं तर? आंधळ्या पारख्याला कोण बोलावणार? तिला कळलं की फोन थांबणार, आणि फोन थांबला की त्याला समोर बसून जेवणारं माणूस पुन्हा कधी मिळणार नव्हतं.

गेल्या वर्षी त्याने हे लपवून निभावलं होतं. तिरकं बघायचं, म्हणजे डाग बाजूला सरकतो. उरलेलं काम बोटांनी करायचं. बोटं काही डोळे नव्हेत, चाळण्या घासून त्यांना घट्टे पडलेले, पण शेवटी पीक तर नीट आलं होतं. बाईनेच तसं सांगितलं होतं. म्हणून या वर्षी फोन आला आणि सायकलवाला म्हणाला, जा बाबा, बहिणीने बोलावलंय, तेव्हा त्याने लगेच पिशवी भरली. बसमध्ये त्याने पाटी वाचता येत नाही म्हणून शेजारच्या माणसाला तीनदा थांबा विचारला. पण बाईच्या फाटकातून आत शिरताना तो असा ताठ चालत गेला की जणू त्याला फाटकाची कडीन् कडी दिसत होती.

मक्याच्या शेतात शिरायचे त्याचे नियम होते. एकाच सरीतून दोनदा जायचं नाही, नाहीतर पायवाट पडते आणि पायवाट कुठेतरी जाते हे कुणालाही कळतं. अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचा, कारण मक्याच्या पानाची कड ब्लेडसारखी लागते. तीस-पस्तीस पावलं आत गेलं की मक्याचा फिका हिरवा रंग मागे पडायचा आणि गडद हिरवी, दातेरी पानांची झाडं लागायची, मक्याच्या चारचार ताटांमागे एक. बाहेरून काही दिसायचं नाही. आतून बाहेरचंही काही दिसायचं नाही. पानं एकमेकांवर घासत राहायची आणि त्या खसखशीत कुणीतरी येतंय असं दिवसभर वाटायचं. चाळीस वर्षांत कुणी आलं नव्हतं.

उघड दिसणारे नर बाई तो यायच्या आधीच काढून टाकायची, त्याच्या वाट्याला संशयाचे तेवढे उरायचे. पहिल्या दिवशी त्याने एक नर काढला. दुसऱ्या दिवशी दोन. संध्याकाळी झाडं मुळाच्या मातीच्या गड्ड्यासकट काखेत मारून आणायची, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ठेवायची आणि आकडा सांगायचा, ही रीत होती. बाई मान हलवून बरं म्हणायची आणि झाडं उचलून मागे घेऊन जायची. मागे खड्डा होता, त्यात ती पुरत असे. तिसऱ्या दिवशी एक, चौथ्या दिवशी काहीच नाही. चौथ्या दिवशी तो जेवायला बसला तेव्हा त्याने दुसरी भाकरी नको म्हटली. बाई काही म्हणाली नव्हती. पण काम न दाखवता ताटावर बसणं त्याला जमेना, आणि मनात दुसरंच टोचत होतं. शेतात नर असणारच, आपल्यालाच दिसले नसणार. आज एक राहिला तर दहा दिवसांत त्याचं बोंड उघडेल.

पाचव्या दिवशी तो पहाटेच शेतात शिरला आणि ज्या झाडाबद्दल जरा म्हणून शंका आली ते त्याने काढलं. जे झाड इतरांपेक्षा उंच होतं ते काढलं. ज्या बेचक्यात बोटाला काहीतरी गोल लागल्याचा भास झाला ते काढलं. संशय आला की उपट. सातव्या दिवसापर्यंत एकूण सात झाडं झाली आणि त्याचा जीव जरा खाली पडला.

आठव्या दिवशी बाई सकाळीच अंडी घेऊन बाजाराला गेली. संध्याकाळी येते म्हणाली, झाकून ठेवलंय ते दुपारी खा म्हणाली, आणि ती तांबडी कोंबडी कुठेतरी चोरून अंडी घालतेय, दिसली तर बघा, असं सांगून गेली. दिसली तर बघा. पारखी मनातल्या मनात हसला. दुपारी शेतातून पाणी प्यायला आला तेव्हा खुराड्याच्या मागे कॉक् कॉक् ऐकू आलं आणि तो आवाजाच्या रोखाने गेला. खुराड्यामागे घेवड्याचा मांडव होता. मांडवाखाली वाकताना त्याचा हात एका काठीला लागला. काठीला चिंधी बांधलेली होती आणि चिंधीत एक खोड होतं. माती ओली होती.

तो गुडघ्यांवर बसला आणि चाचपत पुढे सरकला. दुसरी काठी, तिसरी काठी. पानं दातेरी, पण मलूल, हातात घेतली की कापडासारखी लोंबणारी. एका रांगेत सात. प्रत्येकाच्या बुडाशी आळं केलेलं, आळ्यात पाणी मुरलेलं. त्याला वाटलं, बाई ही झाडं पुरत नाही, लावते. पण नर कोण कशाला लावेल? नर जगवायचा म्हणजे स्वतःच्या हाताने शेत बुडवायचं. बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना?

मग त्याने एका झाडाचं बेचकं बोटांत धरलं. बोटांना काही कळेना. त्याने ते तोंडाजवळ नेलं आणि ओठ लावले. हे त्याला आधी कधी सुचलं नव्हतं, कारण पारख्याने झाडाला ओठ लावणं म्हणजे डोळे नसल्याची कबुलीच. ओठांना घट्टे पडलेले नसतात. ओठांना दोन केस लागले, बारीक, किंचित चिकट. तो पुढच्या झाडाकडे गेला. दोन केस. सातही झाडांना दोन दोन केस होते.

माणूस चुकतो. डोळे गेलेला माणूस जास्त चुकतो. सातांत दोन चुकतील, तीन चुकतील. पण नुसत्या अंदाजाने उपटलं तरी सातांत तीन-चार नर निघायलाच हवेत, कारण संशयाच्या झाडांत निम्मे नर असतात, चाळीस वर्षं तसेच होते. सातपैकी सात माद्या कशा निघतील? तो तसाच उठला आणि मक्यात शिरला. सरीचा नियम विसरला, सदऱ्याच्या बाह्या खाली करायला विसरला. एकेक झाड धरून, बेचकं ओठांना लावून तो उन्हं उतरेपर्यंत शेतभर फिरला. हात पानांनी चिरले. सगळ्या झाडांना केस होते. शेतात एकही नर नव्हता.

तो मक्यातच खाली बसला. मग त्याला एकेक आठवत गेलं. गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी त्याने विचारलं होतं की बियांसाठी एक नर कुंडीत वेगळा ठेवू ना, नेहमीसारखा? बाई म्हणाली होती की नको, जुनं बी पुष्कळ आहे. म्हणजे गेल्या वर्षीच तिने बाहेरचं बियाणं आणलं होतं. म्हणजे गेल्या वर्षी त्याने जी झाडं काढली तीही चांगलीच होती. दोन वर्षं तो तिच्या घरी जेवत होता आणि तिचंच पीक उपटून तिच्या उंबऱ्यावर आणून टाकत होता, वर आकडाही सांगत होता. आणि ती बरं म्हणत होती. तिला सगळं ठाऊक होतं. ज्या एका माणसापासून लपवायचं म्हणून त्याने जिवाचं रान केलं, त्या माणसाला पहिल्यापासून कळलेलं होतं.

त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग राग आला. चाळीस वर्षांचा पारखी, आणि बाई त्याला मक्यात खेळायला सोडते, पोराला मातीत सोडावं तसं. तो झोपायच्या खोलीत गेला, पिशवी भरली आणि ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आणून ठेवली. बाई यायच्या आत निघायचं, काही बोलायला नको. शेवटची बस गाठायला अजून वेळ होता.

पण मांडवाखालच्या त्या सात झाडांची दुपारची ओल एव्हाना सुकली असणार. बाई संध्याकाळी पाणी घालत असणार, आणि आज ती यायला उशीर. तोवर आळ्यांना भेगा पडतील. त्याने स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या, हौदावरून बादली भरली, तांब्या घेतला आणि मांडवाखाली जाऊन बसला.

तिसऱ्या झाडाला पाणी घालत असताना त्याला फाटकाचा आवाज आला. मग चपलांचा, घराकडे जाणारा, मग उंबऱ्यापाशी थांबलेला. बाईला पिशवी दिसली असणार. मग चपला पुन्हा निघाल्या आणि मांडवापाशी येऊन थांबल्या. तो वळला नाही.

"त्याला फार घालू नका," बाई म्हणाली. "त्याचं मूळ आधीच कुजायला लागलंय."

त्याने तांब्या खाली ठेवला. "बियाणं कधी बदललंत?"

"गेल्या वर्षी."

"मग गेल्या वर्षी मला बोलावलंत कशाला?"

बाईने कडेला पालथी पडलेली दुसरी बादली ओढली आणि गुडघा सांभाळत तिच्यावर बसली. तिने सांगितलं ते असं. बाकीच्यांनी केलं तसं नुसता फोन बंद करून टाकणं तिला बरं वाटेना. समोर बसवून, जेवायला घालून सांगायचं ठरवलं होतं, की पारखी, आता काम राहिलं नाही. पण तो आला तो नेहमीसारखा पिशवी बांधावर टाकून थेट मक्यात घुसला, आणि संध्याकाळी काखेत दोन झाडं घेऊन हसत हसत आला. पाय ठेवला न ठेवला तोच दोन, म्हणाला. तिला चुलीपासून त्या झाडांचे केस दिसत होते. काम राहिलं नाही हे सांगायचं म्हणजे तुमचे डोळे राहिले नाहीत हेही सांगायचं. दोन्ही एकदम तिच्याने सांगवेना.

"नऊ झाडं नेली मी गेल्या वर्षी," तो म्हणाला.

"अकरा. दोन जगली त्यातली."

तांबडी कोंबडी त्यांच्यामधून चालत गेली, तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"गेल्या वर्षीचं समजलं," तो म्हणाला. "या वर्षी का बोलावलंत?"

चिंधीची सैल झालेली गाठ बाईने पुन्हा बांधली, मग दुसरीही बांधली, ती सैल नव्हती.

"माझी मुलगी या घरात आली त्याला सहा वर्षं झाली," ती म्हणाली. "शेजारीण आली तर मी तिला फाटकातूनच परत लावते. हे मक्यात उभं आहे तोवर मी कुणाला आत घेऊ? तुम्हाला सगळं माहीत आहे. तुमच्यासमोर दार लावावं लागत नाही. दुसऱ्या कुणाला बोलावता येत नाही हो मला. म्हणून बोलावलं."

हे ऐकायला काही गोड नव्हतं. तुम्ही यावंसं वाटलं, असं ती म्हणाली नव्हती. दुसरं कुणी येऊ शकत नाही, असं म्हणाली होती. पारख्याला ते लागलं. मग त्याने मनाशी पाहिलं की आपण तरी कुठल्या दहा घरांतून हे एक घर पसंत केलं होतं? सहा घरांचे फोन थांबले म्हणून हे उरलं होतं. दोघांची गाठ पडली ती एकमेकांना निवडून नव्हे, उरून. आयुष्यभर निवडण्याचं काम केलेल्या माणसाला हे कळायला एकसष्ट वर्षं लागली. त्याला बाईची दया आली आणि स्वतःचीही आली, आणि त्या दोन्हींत फारसा फरक नव्हता.

"झाडं नासली तुमची," तो म्हणाला.

"झाडं काय, शेतभर आहेत," बाई म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "सकाळचं झाकलेलंही तुम्ही खाल्लेलं दिसत नाही."

ती आत गेली. त्याने उरलेल्या चार झाडांना पाणी घातलं, हौदावर हात धुतले, चिरलेल्या जागी पाणी झोंबलं. अजून उजेड होता. बस गाठायची म्हटली असती तर भरभर चालून गाठता आली असती. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता, आणि एक ताट ठेवल्यावर मध्ये जरा थांबून दुसरं ठेवल्याचाही आवाज आला. पिशवीबद्दल ती एक अक्षर बोलली नव्हती. जायचं तर जा, राहायचं तर राहा, एवढं तिने त्याच्यावर सोडलं होतं.

तो उंबऱ्याशी जाऊन उभा राहिला. रोज याच वेळी, इथेच उभं राहून तो आकडा सांगायचा. बाईची पाठ होती. तिच्याकडे नीट पाहिलं असतं तर ती डागात गेली असती, म्हणून त्याने खिडकीकडे पाहिलं, तेव्हा कडेला तिचा डाव धरलेला हात दिसला.

"आज एकही नर सापडला नाही," तो म्हणाला.

डाव थांबला. बाई वळली नाही. तिने भांड्यावर झाकण ठेवलं, पुन्हा काढलं.

"मग उद्या परत बघा," ती म्हणाली.

उद्याही नसणार होता. परवाही नसणार होता, आणि तेरा दिवसांनी तो भिंतीसमोरच्या खोलीत परत जाणार होता. तो पिशवी ओलांडून आत आला आणि आपल्या जागेवर बसला. बाईने वाढलं.